लेकीची मान उजवीकडे कलते, मानेत गाठ लागते. थांबू का?

पत्र: ताई नमस्कार. माझी मुलगी १० आठवड्यांची आहे, पहिलीच. पायाळू होती म्हणून सिझर झालं. मी सध्या माहेरी आहे, फलटणजवळ. ती तीन आठवड्यांची असताना अंघोळ घालताना आईच्या हाताला तिच्या मानेत उजवीकडे सुपारीएवढी टणक गाठ लागली. तेव्हापासून लक्षात यायला लागलं की डोकं उजव्या खांद्याकडे कलतं आणि तोंड सतत डावीकडे असतं. डाव्या बाजूला पाजायला घेतलं की रडते, सोडून देते. डोकं मागून डावीकडे चपटं दिसायला लागलंय. मालिशवाल्या मावशी म्हणतात नस चढलीय, एक झटका दिला की बसेल. सासूबाई म्हणतात मावशींनीच मान ओढली. चुलतसासूबाई म्हणतात मी ग्रहणात भाजी चिरली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या गाठ म्हणजे कॅन्सर असू शकतो, त्या रात्री मी झोपले नाही. सहा आठवड्यांच्या लसीला डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले होईल आपोआप, पुढे बघू. हे म्हणतात तू भोसरीला आलीस की तिकडे दाखवू, म्हणजे अजून दीड महिना. थांबू का? आणि मुलीची जात, असंच राहिलं तर पुढे कसं? बारशाचे सगळे फोटो मी मोबाइलमध्ये लपवून ठेवलेत. – एक आई

उत्तर:

अगं, ताई म्हणलीस म्हणून अगं-तुगं करतेय. सगळ्यात आधी दोन गोष्टी सांगते म्हणजे आज रात्री तरी झोपशील. एक, तू लिहिलंयस ते सगळं, म्हणजे पायाळू, पहिलटकरीण, तिसऱ्या आठवड्यात लागलेली गाठ, डोकं एकीकडे आणि हनुवटी दुसरीकडे, हे सगळं मानेच्या एका आखडलेल्या स्नायूशी इतकं जुळतंय की कॅन्सरचा विचार तू डोक्यातून काढून टाक. पत्रावरून निदान करता येत नाही, डॉक्टरांनी हात लावून बघायलाच हवं, पण मी २० वर्षं लहान बाळांची फिजिओथेरपी करतेय आणि असं वर्णन मी शेकडो आयांच्या तोंडून ऐकलंय. दोन, दीड महिना थांबायचं नाही. या आठवड्यात दाखवायचं.

आता हे आहे काय ते समजून घे, कारण एकदा समजलं की घरातल्या प्रत्येकाला तू स्वतः उत्तर देऊ शकशील. आरशासमोर उभी राहा आणि तोंड पूर्ण डावीकडे वळव. उजव्या बाजूला कानामागच्या हाडापासून खाली छातीच्या मधल्या हाडापर्यंत एक जाड दोरी उठून दिसेल, बोटाने धरता येईल इतकी. तिचं नाव स्टर्नोक्लायडोमास्टॉइड, आम्ही नुसतं एससीएम म्हणतो. दोन्ही बाजूंना एकेक असते. ही दोरी आखडली की एकाच वेळी दोन गोष्टी करते, डोकं स्वतःच्या बाजूला कलवते आणि तोंड उलट्या बाजूला फिरवते. म्हणून तुझ्या लेकीचं डोकं उजवीकडे आणि हनुवटी डावीकडे. लोकांना नेमका इथेच गोंधळ होतो, ते म्हणतात अहो ती डावीकडेच बघते म्हणजे डावी बाजू आखडली असणार, आणि मग चुकीच्या बाजूला चोळत बसतात. तिची उजवी दोरी आखूड आहे. हाड वाकडं नाही, नस चढलेली नाही. जन्मतःच असा स्नायू आखडलेला असला की डॉक्टर त्याला टॉर्टिकॉलिस म्हणतात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पिळलेली मान एवढाच. नाव भारी असलं तरी हे काही दुर्मिळ नाही, बाळांच्या हाडा-स्नायूंच्या जन्मजात तक्रारींमध्ये खुब्याचा सांधा आणि वाकडं पाऊल यांच्यानंतर हिचाच नंबर लागतो.

ती गाठ म्हणजे त्याच स्नायूतला एक कडक झालेला भाग. स्नायूचे धागे जाऊन तिथे व्रणासारखा चिवट पदार्थ तयार होतो आणि तो हाताला सुपारीसारखा लागतो. गंमत अशी की ही गाठ जन्माच्या दिवशी बहुतेक नसतेच, दोन ते चार आठवड्यांनी हाताला लागायला लागते, मग थोडे दिवस वाढते आणि त्यानंतर हळूहळू विरघळते, बहुतेक बाळांची चार ते आठ महिन्यांच्या आसपास गेलेली असते. ती इकडे-तिकडे पसरत नाही. मानेची साधी सोनोग्राफी केली की डॉक्टरांना ती स्नायूच्या आतच आहे हे दिसतं आणि शंका मिटते, तुकडा काढून तपासायची वेळ सहसा येत नाही. सोनोग्राफीत ना सुई ना रेडिएशन, तुझ्या पोटावर केली तशीच.

गाठीची ही तारीखच सगळ्या भांडणाचं मूळ आहे बघ. आपल्याकडे बाळाची मालिश कधी सुरू होते? पाचवी झाली, नाळ पडली की मावशी यायला लागतात. गाठ कधी लागते? तिसऱ्या आठवड्यात. मग साहजिक सासूबाईंना वाटतं की मावशींच्या हाताने झालं, आईला वाटतं झोळीने झालं, आणि काहीच सापडलं नाही की ग्रहण आहेच. खरं म्हणजे स्नायूला जे व्हायचं ते तुझ्या पोटातच होऊन गेलेलं असतं. पहिलं बाळ म्हणजे पिशवी घट्ट, त्यात पायाळू, म्हणजे डोकं वर आणि हलायला जागा कमी, मान किती तरी दिवस एकाच बाजूला दुमडलेली. त्या स्नायूवर दाब पडून त्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि स्नायू आखडत जातो, असं मानायला बरीच कारणं आहेत. पूर्वी डॉक्टरांना वाटायचं की बाळंतपणात मान ओढली जाते म्हणून होतं, अवघड नॉर्मल डिलिव्हरीत तसं होतही असेल, पण तुझ्यासारख्या सिझरच्या बाळांमध्येही हे दिसतं. तुझ्या विळीचा आणि आकाशातल्या ग्रहणाचा या स्नायूशी काडीचा संबंध नाही. चुलतसासूबाईंशी वाद घालू नकोस, पण मनात ठेवूही नकोस. हे सगळं ऐकून तुला वाटत असेल की माझ्याकडून काहीतरी चुकलं. नाही चुकलं गं. काहीही नाही.

झटक्याचं मात्र मी अगदी स्पष्ट सांगते. नाही म्हणजे नाही. १० आठवड्यांच्या बाळाने अजून नीट मान धरलेली नसते, मणक्यांना आधार देणारे स्नायू कोवळे असतात, आणि त्याच मानेतून मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि मज्जारज्जू जातो. आखडलेला स्नायू झटक्याने लांब होत नाही, तो फाटू शकतो, आणि बाकी जे होऊ शकतं ते मला लिहवतही नाही. मावशींना अपमान वाटेल असं बोलू नका, त्या बिचाऱ्या जीव लावून करतात आणि बाळंतिणीला पहाटे उठून शेक देणारं आता कोण राहिलंय. त्यांना एवढंच सांगायचं की मावशी, हातापायाची, पाठीची मालिश करा, हलक्या हाताने, पण मानेला हात नको, गाठ चोळायची नाही, पायाला धरून उलटं करायचं नाही आणि डोकं धरून उचलायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून सांग, म्हणजे तुझ्यावर येणार नाही.

आता थांबण्याचं. तुझे डॉक्टर आपोआप होईल म्हणाले ते पूर्ण चूक नाही, गाठ आपोआप जाते. पण गाठ गेली म्हणजे स्नायू लांब झाला असं नाही, हा फरक घाईच्या ओपीडीत सांगायचा राहून जातो आणि घरच्यांना वाटतं आता झालं बरं. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्ट लोकांनी २०१३ मध्ये यावर एक गाइडलाइन काढली आणि २०१८ मध्ये ती सुधारली, त्यातले आकडे मी प्रत्येक आई-बापाला सांगते. व्यायाम एक महिन्याच्या आत सुरू झाले तर ९८ टक्के बाळांची मान साधारण दीड महिन्यात जवळजवळ पूर्ण वळायला लागते. एक महिन्यानंतर सुरू केलं तर तेच काम सहा महिन्यांवर जातं, आणि सहा महिन्यांचं बाळ झाल्यावर सुरू केलं तर नऊ-दहा महिने लागू शकतात आणि तरी सगळ्यांचं पूर्ण होतंच असं नाही. स्नायू जसा जुना होतो तसा चिवट होतो, आणि बाळही मोठं होतं, हात झटकतं, पळून जातं, व्यायाम करूच देत नाही. तू अडीच महिन्यांवर आहेस. म्हणजे उशीर झालेला नाही, पण भोसरीला जाईपर्यंतचा दीड महिना हा रिकामा जाऊ देण्यासारखा दीड महिना नाही. अहोंना हेच आकडे वाचून दाखव.

१० आठवड्यांची लस या आठवड्यात असेलच, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना सांग की मला पाच मिनिटं हवीत, मान बघून द्या. सांगायचं काय ते कागदावर लिहून ने, कारण लस टोचली की बाळ रडायला लागतं आणि आपण अर्धं विसरतो. दोन तपासण्या माग, एक मानेची सोनोग्राफी, आणि दुसरी, जी तुला कोणीही सुचवलेली नाही आणि जिच्यासाठी मी हे एवढं लांब उत्तर लिहितेय, ती खुब्यांची सोनोग्राफी.

हो, खुब्यांची. मान आणि खुबा यांचा काय संबंध असं वाटेल. संबंध पोटातल्या त्याच अपुऱ्या जागेचा आहे. ज्या अडचणीत मान दुमडली, त्याच अडचणीत मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसायचा राहू शकतो. त्यात मुलगी, पहिलं बाळ आणि पायाळू, या तिन्ही गोष्टी खुबा सैल असण्याची शक्यता वाढवतात, आणि तुझ्या लेकीत तिन्ही आहेत.

मी प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षात होते तेव्हा माझ्याकडे अशीच एक चिमुरडी आली होती, तशीच पायाळू, तशीच उजवी मान. आम्ही तीन महिने व्यायाम केले, मान सुरेख सरळ झाली, आईने पेढे आणले, मी फाइल बंद केली. ती १४ महिन्यांची झाल्यावर तीच आई परत आली, मुलगी चालायला लागली होती आणि एका बाजूला लचकत होती. एक्सरे काढला तर डावा खुबा पूर्ण निसटलेला. ऑपरेशन झालं, कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर, त्या उन्हाळ्यात ते पोर घामाने रडायचं. तीन महिने मी आठवड्यातून दोनदा त्या बाळाची मान हातात घेतली होती आणि एकदाही लंगोट सोडून मांड्या उघडून बघितल्या नव्हत्या. ती आई मला कधी एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून माझ्याकडे मान घेऊन आलेलं एकही बाळ खुबे बघितल्याशिवाय घरी जात नाही.

तू घरी लंगोट बदलताना बघ, दोन्ही मांड्या सारख्या उघडतात का, मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या आहेत का, गुडघे मुडपून धरले की एक गुडघा खाली दिसतो का. पण सगळं सारखं दिसलं तरी सोनोग्राफी करच, कारण या वयात बाहेरून काही कळत नाही असंही होतं. आणि ती आत्ताच करायची, या वयात खुब्याचा गोळा कूर्चेचा असतो, एक्सरेत दिसत नाही, एक्सरे चार-सहा महिन्यांनंतरच कामाचा. आत्ता सापडलं तर पट्ट्यांचा एक मऊ हार्नेस घालून बहुतेकदा भागतं. तोपर्यंत एक गोष्ट आजपासून बंद कर, बाळाला पाय सरळ करून दुपट्यात घट्ट बांधणं. आपल्या आज्या मानायच्या की असं बांधलं की पाय सरळ होतात, पण त्याने खुब्यावर उलटा ताण येतो. वरचं अंग गुंडाळ हवं तर, पाय बेडकासारखे मोकळे राहू देत.

आता मानेचे व्यायाम. ताणायचे दोन, आणि दोन्ही फिजिओने तुझ्या हाताला धरून शिकवल्याशिवाय, मोबाइलवर व्हिडिओ बघून करायचे नाहीत हे आधी कबूल कर. एकात डावा कान डाव्या खांद्याकडे नेतात, दुसऱ्यात हनुवटी उजव्या खांद्याकडे वळवतात, एकाने खांदे धरायचे आणि एकाने डोकं, आणि जिथे अडतं तिथे थांबून धरून ठेवायचं, पुढे ढकलायचं नाही. किती सेकंद, किती वेळा ते तुझ्या बाळाला बघून ठरेल. बाळ कळवळून रडत असेल, श्वास अडकत असेल, ओठांचा रंग बदलत असेल तर लगेच सोडायचं. थोडी कुरकुर चालते, ती नवीन फ्रॉक घालतानाही करते. दिवसातून एकदाच दहा मिनिटं झगडण्यापेक्षा प्रत्येक लंगोट बदलताना थोडं-थोडं केलं तर बाळही सहन करतं आणि तुलाही आठवण ठेवावी लागत नाही.

पण खरी कमाई व्यायामात नाही, दिवसभरात आहे, आणि ती तू आजच सुरू करू शकतेस कारण त्यात ताणायचं काहीच नाही, फक्त तिला उजवीकडे बघायला कारण द्यायचं. तू पलंगावर तिच्या कुठल्या बाजूला झोपतेस? बाळ आईकडे बघतं, म्हणून तू तिच्या उजव्या हाताला झोप. पाळणा भिंतीला लागून असेल तर अशा दिशेने ठेव की खिडकी, दरवाजा, येणारी-जाणारी माणसं तिच्या उजवीकडे येतील. डोकं आहे तिथे पाय केले की बाजू आपोआप बदलते, पाळणा हलवायचीही गरज नाही. खुळखुळा उजवीकडून वाजवायचा, तुझ्या वडिलांना सांग बोबडं बोलायचं तर उजवीकडे बसून बोला. असं करताना ती आधी नुसते डोळे फिरवेल, मान नाही, तर थांबायचं, घाई करायची नाही, हळूहळू मान डोळ्यांच्या मागे येते.

मग पालथं. बाळ जागं असताना, पोट अगदी भरलेलं नसताना, आणि तू समोर असताना तिला पोटावर ठेवायचं, यालाच आम्ही टमी टाइम म्हणतो. सुरुवातीला दोन-तीन मिनिटंच टिकेल, चालेल. तू मागे रेलून बस आणि तिला तुझ्या छातीवर पालथं घे, तुझं तोंड बघायला ती डोकं उचलते, यापेक्षा चांगला व्यायाम मला माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की न रांगणाऱ्या बाळाने दिवसभरात मिळून कमीत कमी ३० मिनिटं असं पालथं राहावं, तुमच्याकडे तर माणसं भरपूर आहेत, प्रत्येकाने पाच-पाच मिनिटं घेतली तरी होतात. झोपवायचं मात्र पाठीवरच, पालथं किंवा कुशीवर नाही, ते श्वासासाठी सुरक्षित असतं.

तिला घेऊन फिरतानाही स्नायू ताणता येतो. तिची पाठ तुझ्या पोटाला लागेल असं धर, तोंड बाहेर, तिला उजव्या कुशीवर आडवं कर आणि तुझा हात तिच्या उजव्या कानाखाली, कान आणि खांद्याच्या मधे. तुझ्या हाताने डोकं वर राहतं आणि उजवी बाजू हळुवार उघडते. हेही पहिल्यांदा फिजिओसमोर करून बघ. तिला आवडतं बहुतेकदा, कारण अंगण दिसतं.

डाव्या बाजूला पाजताना ती का रडते ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. नेहमीसारखं मांडीवर घेतलं की डाव्या स्तनाला यायला तिला मान उजवीकडे वळवावी लागते आणि तीच तर वळत नाही. तुझं दूध कमी नाही, तिला ती बाजू नावडत नाही. तिचं सगळं अंगच तुझ्याकडे वळव, पोटाला पोट लागेल असं, म्हणजे मान वळवायला लागणार नाही. तरी जमलं नाही तर डाव्या काखेखालून धरून पाज, पाय तुझ्या पाठीमागे आणि डोकं पुढे. काही आया कंटाळून एकच बाजू पाजतात, मग दुसरीकडे दूध दाटून ताप येतो, तसं होऊ देऊ नकोस. पाजण्याची वेळ ही व्यायामाची वेळ नाही, निदान सुरुवातीला तरी. तिने पोटभर प्यावं, वजन वाढावं, हे आधी.

झोळीने हे झालं नाही म्हणलं तरी झोळीत तासन्‌तास ठेवू नका. झोळीत बाळ दुमडून एका कुशीला पडतं आणि मान पुन्हा त्याच आवडत्या बाजूला जाते. दुपारी थोडा वेळ ठीक, बाकी सपाट अंथरुणावर.

डोक्याच्या चपटेपणाचं. ती सतत डावीकडे बघते म्हणून डोक्याचा मागचा डावा भाग टेकतो आणि तिथे चपटं होतं, कवटी अजून मऊ असते ना. तुला आता घरातून राईची उशी कर असं सांगितलं जाईल, आलीच असेल. राईच्या उशीने स्नायू लांब होत नाही, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना उशीच नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, नाक दबायची भीती असते. मान मोकळी झाली, बाळ दोन्हीकडे वळायला लागलं, पालथं पडायला लागलं, बसायला लागलं की बहुतेकांचं डोकं बरंचसं भरून येतं, उरलेलं केसांत जातं. डोक्याचा आकार सुधारायच्या हेल्मेटच्या जाहिराती दिसतील, सध्या तिकडे बघू नकोस, मान नीट केल्याशिवाय कशाचाच उपयोग नाही.

एक मुद्दा तुझ्यापेक्षा इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिते, कारण हे वाचून कुणीतरी आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन मान ताणत बसेल. प्रत्येक कललेली मान स्नायूची नसते. माझ्याकडे एक मुलगा आला होता, वर्षभर त्याच्या मानेचे व्यायाम चालू होते आणि फरक शून्य. मी हाताने मान फिरवली तर दोन्हीकडे पूर्ण फिरत होती, कुठेच अडत नव्हती. एक डोळा झाकला तर डोकं सरळ झालं. दोष डोळ्याच्या एका स्नायूत होता, सरळ बघितलं की त्याला दोन-दोन दिसायचं म्हणून तो मान कलवून बघायचा. त्याला फिजिओ नाही, डोळ्यांचे डॉक्टर हवे होते. तसंच, आधी व्यवस्थित असलेल्या मुलाची मान अचानक वाकडी झाली, ताप आहे, घसा दुखून गेल्यावर मान आखडली, पडल्यावर आखडली, उलट्या होतायत, चालताना तोल जातोय, किंवा आज एकीकडे आणि चार दिवसांनी दुसरीकडे कलतेय, तर घरी काही करायचं नाही, ताणायचं तर मुळीच नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे. काही बाळांचे मानेचे मणकेच जन्मतः जोडलेले असतात, तेही ताणायच्या आधी डॉक्टरांनी बघून घ्यायचं असतं. म्हणून मी सारखं म्हणतेय की आधी तपासणी आणि मग व्यायाम.

किती दिवस लागतील? नियमित केलं तर काही महिने धरून चाल. मधेच एखादा आठवडा असा येईल की सगळं सुधारलेलं पुन्हा बिघडल्यासारखं वाटेल, सर्दी झाली, दात यायला लागले, झोप झाली नाही, एकदम उंची वाढली की मान परत कललेली दिसते. घाबरायचं नाही, व्यायाम चालू ठेवायचे, दोन-चार दिवसांत परत जागेवर येते. फिजिओने सुट्टी दिल्यावरही चालायला लागली की एकदा दाखवायचं. पहिल्या वर्षात नीट उपचार झाले तर १०० पैकी ९० हून जास्त बाळांना ऑपरेशन लागत नाही. ज्यांची मान सहा महिने व्यायाम करूनही वर्षाच्या आसपास अडलेलीच राहते त्यांचा तो आखूड स्नायू ऑपरेशनने सैल करतात, तेही नेहमीचं ऑपरेशन आहे, नंतर परत व्यायाम. ते आत्ता तुझ्या वाटेवर नाही.

आणि ते मुलीच्या जातीचं. हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं, तुझ्याबद्दल नाही, ते वाक्य तुझ्या कानात घालणाऱ्यांबद्दल. १० आठवड्यांच्या बाळाच्या लग्नाची काळजी कुणी करत असेल तर त्यांना सांग की काळजी वाटते ना, मग उजव्या बाजूला बसून खुळखुळा वाजवा. मुलगा असता तरी मान हीच असती आणि व्यायामही हेच असते. मान सरळ करायची ती तिला दोन्हीकडचं सारखं दिसावं, पालथं पडता यावं, दोन्ही हात सारखे वापरता यावेत म्हणून, आणि उपचार न झालेला स्नायू वर्षानुवर्षं ओढत राहिला तर चेहऱ्याची एक बाजूही लहान राहू शकते म्हणून.

पैशांचं तू लिहिलं नाहीस पण अहो भोसरीचं म्हणतायत त्यात ते असेल कदाचित. फलटणमध्ये लहान बाळांचं काम करणारं फिजिओ मिळालं नाही तर साताऱ्याला जिल्हा रुग्णालयात जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, आपल्या पालघरमधूनच, त्याच्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी नावाची लहान मुलांची केंद्रं असतात, तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट एकाच ठिकाणी भेटतात. गावातल्या आशाताईंना विचार, कुठल्या वारी कोण असतं ते त्यांना माहीत असतं. रोज जायची गरज नसते, सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा, बाकीचं तुझ्याच हातात. भोसरीला गेलीस की तीच फाइल घेऊन तिथल्या फिजिओकडे जायचं, नव्याने सुरुवात नाही.

जाताना मोबाइलमधले ते लपवलेले बारशाचे फोटो बाहेर काढ. फिजिओला दाखव, मान त्या दिवशी किती कललेली होती, गाठ लागायच्या आधीपासून कलत होती का, हे त्यातूनच कळेल. आणि दर रविवारी त्याच चादरीवर, तिला पाठीवर झोपवून, समोरून एक फोटो काढत जा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना फरक दिसत नाही, फोटोत दिसतो. चौथ्या-पाचव्या रविवारचा मला पाठव, बारशाच्या एका फोटोसोबत.